तीन मणांचा खुशालराव

बोरखेड, अकोल्याजवळ
वैशाख वद्य ३, शके १७८६ (सन १८६४)

गोवर्धनले खुशालरावाचा रामराम.

अमरावतीच्या कापूसबाजाराले आमच्या गाड्या उद्या निघून राहिल्या, म्हणून हे पत्र गाडीवानाच्या हाती. तुह्या मळ्यात नेऊन दे म्हणून बजावलं आहे. पंतोजीच्या शाळेत आपण दोघं एका पाटीवर लिहाले शिकलो. माह्या अक्षराले तू मेलेली गोगलगाय म्हणत होता. अक्षर तसंच आहे गड्या, बाकी सारं बदललं.

तिकडं अमेरिकेत लढाई चालू आहे म्हणते, आन तिच्यापायी आपल्या वऱ्हाडच्या कापसाले सोन्याचा भाव आला. म्या औंदा बोटभर जागाही जवारीले ठेवणार नाही. या बांधापासून त्या बांधापर्यंत पऱ्हाटीच पऱ्हाटी. जवारीची भाकर आता गडी खाते, घरात गहू शिजते. मैनाबाई पोळीवर तूप असं वाढते, की पोळी कुठी आहे ते हातानं चाचपून पाहा लागते. सकाळी अकोल्याच्या हलवायाची जिलबी येते. नवी रेंगी केली, तिले नागोरी बैल जोडले. त्यामुळं वावरातही पायी जाणं नाही.

परवा बाजारात लोकाईनं मले हसत हसत कापसाच्या मोठ्या काट्यावर बसवलं. तीन मण दोन शेर! काटेवाला म्हणे, "पाटील, तुमाले गाठोड्यात बांधून मुंबईले धाडलं तं साहेबलोक खूश होतीन." सारा बाजार हसला, आन सगळ्याईत मोठ्यानं मीच हसलो.

एकच तरास आहे. तहान लय लागते. घरातला रांजण मी एकटाच रिता करतो, आन मंग दिवसातून पंधरा खेपा गोठ्यामागं जा लागते. तिथं मुंग्याईची अशी रांग लागते, की मैनाबाई म्हणते, "मुंग्याईलेही तुमचं वैभव समजलं." ऊनच तसं आहे म्हणा.

कधी येतं सांग. पंगत वाढून ठेवतो.

तुहा खुशाल


अमरावती, परकोटाबाहेरचा मळा
ज्येष्ठ शुद्ध १, शके १७८६

खुशाल,

तुह्या पत्रातली सारी गंमत वाचली, आन मुंग्या आल्या तसा थांबलो. वांग्याचा वाफा तसाच सोडला, मातीच्या हातानं त्र्यंबकशास्त्री वैद्याकडं गेलो. म्हातारा माणूस आहे, पण डोळा बारीक. त्यायनं मले विचारलं, "तुमच्या मित्राला तहान फार? वजन फार? बसणं फार?" म्या तिन्हीले हो म्हटलं. मंग तुह्या मुंग्या सांगतल्या. म्हातारा हसला नाही.

खुशाल, याले मधुमेह म्हणते. अंगात गोड मावत नाही, ते लघवीवाटे वाहून जाते, आन माणूस भरल्या ताटावर बसून आतून सुकते. शास्त्रीबुवा म्हणाले, "औषध देईन, पण औषधाच्या भरवशावर राहू नका. पोट उतरवा. त्याशिवाय दुसरा रस्ता नाही."

तं ऐक. जिलबी बंद. गूळ, साखर, शिरा बंद. तूप बोटानं लावाचं, पळीनं नाही. गव्हाची पोळी सोड आन जवारीची नाहीतं जवाची भाकर खाय, तीही मोजून. ताटात आधी भाजी येऊ दे. मेथी, आंबाडी, दोडका, कारलं, काय वाटेल ते. मुगाचं वरण घे, ताक घे. दोन घास पोटात जागा असतानाच उठाचं. आन रेंगी सोडून सकाळ-संध्याकाळ पायी चालाचं, घाम येईलवर.

तुह्याच गाडीत कारल्याची टोपली ठेवली आहे, मेथीचं बी आहे. राग मानू नको, पण मले तुहं ते तीन मणाचं हसू आवडलं नाही.

गोवर्धन


बोरखेड
आषाढ शुद्ध १०, शके १७८६

गोवर्धनले रामराम.

तू सांगतलं तसं सारं चालू आहे. एक भाकर, मुगाचं वरण, सकाळी कारल्याचा रस. जिलबीचं तोंडही पाहत नाही. नदीपर्यंत पायी जातो आन येतो. अंग हलकं झालं, तहान गेली, मुंग्या गेल्या. शास्त्रीबुवाले माहा दंडवत सांग.

आता एवढं सारं पाळून राहिलो, तं एक विचारतो. आंबा हे फळ आहे. फळ म्हणजे झाडाचं, हलवायाचं नाही. त्याले तं मनाई नसावी?

तुहा खुशाल


बोरखेड
श्रावण शुद्ध ८, शके १७८६

गोवर्धन भाऊजी,

मैनाबाईचा नमस्कार. मले लिहिता येत नाही, म्हणून गावचे कुळकर्णी भगवंतराव यायच्या हातून लिहून घेऊन राहिली. मी बोलते तसंच लिवा म्हणून त्यायले शपथ घातली आहे.

आधी भांडते. ज्या माणसानं माह्यासंगं लग्न झाल्यावर पहिले दहा वर्षं कण्या आन ताक खाल्लं, त्याले आता कुठी देवानं दिलं, तं तुमी त्याच्या ताटातलं काढाले निंघाले. कारल्याची टोपली पाहून मले वाटलं, माह्या रांधण्यालेच नाव ठेवलं. म्या ती सारी टोपली म्हशीले घातली. तीन दिवस दूध कडू लागलं. ते माह्या अंगावर आलं.

पण भाऊजी, तुमाले जे पत्र गेलं, ते सारं खोटं आहे. तुमी पत्र वाचलं तवा गाडीवान तिथंच होता, त्यानं मले सांगतलं का, पाटलानं लिवलं जिलबी सोडली. कायची सोडली! घरात येत नाही एवढंच. रोज सकाळी चावडीवर पुडा येते. नदीवर जाते ते रेंगीत बसून, बैलाईले पाणी पाजाले. आन मुंग्या आहेच.

आता खरं विचारते, तसंच खरं सांगा. नवा जोडा चावला आन उजव्या पायाच्या अंगठ्याखाली फोड आला. आज अठरा दिवस झाले, भरत नाही. हळद झाली, कडुलिंबाचा पाला झाला. याले दुखतही नाही, आन मले त्याचीच भीती वाटते. दुखलं असतं तं बरं झालं असतं. हा तुमचा मधुमेह म्हणते तेच आहे का? काय करू?

मैनाबाई

(लिहिणाऱ्याची पुरवणी: सदर चावडीवरील जिलबीत निम्मा वाटा माझा असे. बाईंनी शपथ घातली असल्याने हेही लिहितो. उद्यापासून चावडीवर पुडा येणार नाही. भगवंत कुळकर्णी.)


अमरावती
श्रावण वद्य २, शके १७८६

खुशाल,

तू खोटं लिहिलं. मले नाही, तुह्या पायाले खोटं सांगतलं. कापसाच्या पैशानं तुले शहाणपण आलं असंन असं वाटलं होतं, पण नुसतं पोट आलं. आजपासून गोड खाल्लं तं मले पत्र लिहू नको.

गोवर्धन


बोरखेड
श्रावण वद्य १२, शके १७८६

गोवर्धन माळी यासी,

मी कोणाच्या मळ्यातला गडी नाही. माह्या घरी मी काय खावं हे भाजी विकणाऱ्यानं सांगाचं नाही. गहू आन तूप माह्या नशिबात आलं, तुह्या आलं नाही, हे तुले सोसवत नाही असं मले दिसून राहिलं. तू म्हणतं तसंच होईन. यापुढं पत्र नाही.

खुशालराव


अमरावती
भाद्रपद शुद्ध १४, शके १७८६

खुशाल,

तू वाच नाहीतं फाडून टाक. पण मैनावहिनी, याले वाचाचं नसंन तं भगवंतरावाकडून तुमी वाचून घ्या.

माहा मोठा भाऊ रामराव तुले आठवत असंन. आपण लहान होतो, पूर आला तं एका खांद्यावर तुले आन एका खांद्यावर मले बसवून पंतोजीच्या शाळेत नेत होता. सात वर्षांमागं तो गेला तवा म्या तुले लिवलं, दादा तापानं गेला. ताप शेवटी आला. त्याच्या आधी दोन वर्षं तहान होती. आधी पायाले काटा लागला, मंग पाय काळा पडला. लोक काहीबाही बोलत, कोणी म्हणे पाप फळलं, म्हणून दादानं हातात हात घेऊन सांगतलं, "कोणाले सांगू नको." म्या कोणालेच नाही सांगतलं. तुलेही नाही.

एक गोष्ट मी आजवर कोणालेच बोललो नाही. तवा त्र्यंबकशास्त्रीच होते, त्यायनं गोड बंद केलं होतं. दादा मले म्हणे, "गोवर्धन, तोंड कडू झालं, गुळाचा खडा दे." मी देत होतो. दादाची बायको नाही म्हणे, आई नाही म्हणे, मीच लपवून देत होतो. वाटे, याच्यावर माह्याएवढं प्रेम कोणी करत नाही. सात वर्षं मी मळ्यात ऊस लावला नाही, गुळाचं नाव काढलं नाही. कारण कोणी विचारलं नाही, आन म्या सांगतलं नाही.

म्हणून माह्या जिभेवर ताबा राहिला नाही. तुह्या गहू-तुपावर माहा डोळा नाही रे. तुह्या पायावर आहे.

पायाले भार देऊ नको. शास्त्रीबुवा म्हणाले, फोड रोज कोमट पाण्यात लिंबाचा पाला उकळून धुवाचा, स्वच्छ कापड बांधाचं, आन जखम भरेपर्यंत चालणं बंद. पण गोड आजच बंद.

तुहा गोवर्धन


बोरखेड
आश्विन शुद्ध १२, शके १७८६

गोवर्धन,

दसरा परवा झाला. सोनं वाटलं, तुह्या वाट्याचं पान या पत्रात घातलं आहे.

तुहं पत्र आलं तं म्या उघडलं नाही. मैनाबाईनं भगवंतरावाले बोलावलं. ते वाचत होते आन मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. रामदादाच्या खांद्याचं आलं, आन मले त्याच्या पागोट्याले धरलेली माही मूठ आठवली. पाणी एवढं होतं की आपले पाय भिजले होते, आन तो हसून राहिला होता. मी उठून बसलो. मैनाबाईले म्हटलं, "जवारी आहे का घरात?"

ती म्हणे, "गड्याईच्या कोठीत आहे."

म्हटलं, "त्यातली दळ."

तुले काय म्हटलं होतं मी, ते आता लिहीत नाही. तू मनात ठेवू नको, एवढंच मागतो.

आता खरं लिहितो, मैनाबाई संगं बसली आहे, तिच्यापुढं. पहिले आठ दिवस मी जगाचा वैरी झालो होतो. डोकं दुखे, हात कापत. वाड्यातल्या पोट्ट्याईवर खेकसलो. नवव्या दिवशी सकाळी मले समजलं की म्या मुगाचं वरण आपल्या मनानं दुसऱ्यांदा मागून घेतलं. मैनाबाईनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

चालणं बंद, तं घाम कसा गाळाचा? मैनाबाई म्हणे, "जात्याले पाय लागत नाही." म्हटलं, "बाई, पाटील दळाले बसला तं गाव काय म्हणंन?" ती म्हणे, "गाव तुमच्या पायाले फडकं बांधाले येत नाही, मी येते." बसलो, काय करतो! एक खुंटा, तिचा हात आन माहा हात. वीस फेऱ्यात माहा दम निंघाला, तिचं गाणं नाही थांबलं. आता पायली दळतो. गावातल्या बाया पाणी भराले जाताना मुद्दाम आमच्या दारावरून जाते. परवा एकीनं हाका मारून विचारलं, "पाटील, माह्याही घरचं दळण घेता का?" म्या म्हटलं, "आणून टाक बाई, पण गाणं तुले म्हणा लागंन."

"मैनाबाई, वीस वर्षं झाली तुह्या हातचं खातो, पण तू पहाटे उठून एवढं वजन फिरवतं हे मले माहीतच नव्हतं," असं म्या तिले म्हटलं. ती लाजली. हे तुले लिहू नका म्हणते. लिहून टाकलं.

फोडाची कड आता लाल दिसते. त्यात दुखू लागलं. दुखलं म्हणून घरात आनंद करणारी माणसं तू पाहिली नसशीन.

विहिरीजवळचं वावर मोडलं. पऱ्हाटीले बोंडं धरली होती. मी बांधावर खाट टाकून बसलो आन गड्याईले म्हटलं, उपटा. गडी माह्या तोंडाकडं पाहत राहिले. बाजारातले दोघं जण रेंगीतून उतरून समजावाले आले, म्हणे पाटलाले भरम झाला. तिथं जवारी पेरली, कडेनं हरभरा, आन विहिरीच्या पाटावर तुही मेथी. बाजारात जवारी मिळते, मले ठाऊक आहे. पण जे मी खाणार, ते मले उगवताना पाहाचं आहे.

तुहा खुशाल


बोरखेड
पौष वद्य ५, शके १७८६

गोवर्धन भाऊजी,

मैनाबाईचा नमस्कार, लिहिणारे भगवंतराव. संक्रांतीचे तिळगूळ यंदा आमी दुसऱ्याईले वाटले. यायनं एक तीळ घेतला. एक लाडू नाही, एक तीळ. जिभेवर ठेवला आन डोळे मिटून बसले, जसे देवापुढं बसते. मी हसून हसून भुईवर लोळली.

जखम भरली, भाऊजी. दिवाळीच्या आधीच पापुद्रा धरला होता, पण मी नजर लागंन म्हणून लिवलं नाही. आता तिथं नवी गुलाबी चामडी आहे. पाय रोज धुवून पुसून पाहणं चालूच आहे. जोडा आता मऊ कातड्याचा केला.

तुमी टोपली धाडली तवा म्या म्हशीले घातली होती. आता कारलं माह्या हातचं खाऊन पाहा. चिरून मीठ लावून ठेवते, पाणी पिळून टाकते, वरून भाजलेल्या जवसाची चटणी. फुनके करते, तुरीच्या डाळीचे, वाफेवर, तेल नाही. कच्च्या मेथीचा घोळाणा, आंबाडीची भाजी कण्या घालून, वांग्याचं भरीत. आधी वाटे, पैसा आला तं तूप वाढणं हेच प्रेम. आता त्यायले काय चवीचं लागंन आन सोसंन, हे दिवसभर डोक्यात असते. रांधण्यात मले कधी इतकं डोकं लावा लागलं नव्हतं, खरं सांगते, मजा येऊन राहिली.

सारं घर तेच खाते. त्यायले एकट्याले वेगळं वाढलं तं त्यायचं मन फिरंन, म्हणून. तं झालं काय, माहे गुडघे दुखत होते ते थांबले. भगवंतरावाचंही पोट उतरलं. (हे खरे आहे. भ. कु.)

परवा हे पायी अकोल्याले गेले. काट्यावर बसले. सव्वादोन मणाच्या खाली! काटेवाला म्हणे, "पाटील, माल कुठी विकला?" तहान आता साऱ्याईसारखी. गोठ्यामागं जाऊन मी सोता पाहून आली. एक मुंगी नाही.

एकदा चुकले. दिवाळीले व्याह्याकडं चार करंज्या खाल्ल्या. येऊन सोताच सांगतलं. दुसऱ्या दिवशी दोन पायल्या दळल्या आन मंगच जेवाले बसले.

तुमच्या शकुनच्या लग्नाचा मुहूर्त निंघाला असं समजलं. पोरीले माहा आशीर्वाद. माह्या सुनेचे दिवस भरत आले, म्हणून मले येणं जमणार नाही. हे येतीन.

मैनाबाई


बोरखेड
माघ वद्य १, शके १७८६

गोवर्धन,

शकुनच्या लग्नाले येतो. कवा, कसा, ते विचारू नको. तुही वहिनी रेंगी जोडून देते म्हणते, तिले तू काही लिहू नको.

जवारी हुरड्याले आली होती तवा तुही लय आठवण आली. पाखरं हाकलत बांधावर उभा होतो, आन गोफण मारताना खांदा दुखला नाही. चाळीशीच्या पुढं एवढं सुख असते हे कोणी सांगतलं नव्हतं.

खुशाल


अमरावती
फाल्गुन शुद्ध ९, शके १७८६

मैनावहिनीले गोवर्धनचा नमस्कार. भगवंतराव, हे पत्र हळूहळू वाचा, वहिनीले हसाले वेळ द्या.

काल सकाळी मी मळ्याच्या फाटकाशी वांग्याच्या टोपल्या भरून राहिलो होतो. लग्नघर, पाहुण्याईची रांधणी, डोकं ठिकाणावर नव्हतं. एक उंच, सडसडीत माणूस आला. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं, खांद्यावर पोतडी, हातात काठी. म्हणे, "वांगी कशी दिली?"

म्हटलं, "आज विकाची नाही. घरी लगन आहे."

तो एक वांगं उचलून उन्हात फिरवून पाहे. "मंग ठीक आहे. अशीही अळीचीच दिसते."

वहिनी, माह्या मळ्याच्या वांग्याले कोणी अळी म्हटलं तं माहं काय होते, तुमाले ठाऊक आहे. मी हातातलं सारं टाकून उठलो. "अळी दाखव! एक अळी दाखव, सारी टोपली फुकट घेऊन जाय!"

"आन नाही निंघाली तं?"

"तं माह्या पोरीच्या लग्नात पाणी वाढाचं, चारही पंगती!"

त्यानं वांगं दोन्ही हातानं मोडलं. पांढरंशुभ्र. शांतपणे म्हणे, "हरलो. कळशी कुठी आहे?"

तरी माह्या डोक्यात उजेड पडला नाही! घरातून माही बायको सुभद्रा बाहेर आली, तिनं एकदा पाहिलं आन पदर तोंडाले लावून रडाले लागली. म्हणे, "अवं, भाऊजी आले." मी म्हणतो, "कोण भाऊजी?" तवा तो म्हणे, "गोवर्धन, लेका, तीस कोस पायी आलो, आता तरी ओळख दे."

वहिनी, मी त्याले धरलं तं माहे दोन्ही हात त्याच्या पाठीमागं एकमेकाईले लागले. मी सोडलंच नाही. तो म्हणे, "पुरे, लोक पाहून राहिले." पाहू दे म्हटलं.

पाच मुक्काम केले म्हणते. बोरगाव, मूर्तिजापूर, पुढं लहान लहान गावं. ऊन चढायच्या आधी चाले, दुपारी झाडाखाली जोडे काढून पाय तपासे. तुमी कंदील आन कापडाची चिंधी बांधून दिली ती दाखवली. पायाले एक ओरखडा नाही. मी सोता धुवून पाहिले. तो पाय ओढून घ्याले पाहे, म्या ओढू दिले नाही.

पोतडीत विहिरीजवळच्या वावरातली जवारी होती. शकुनच्या हळदीच्या दिवशीची भाकर हिच्याच पिठाची व्हावी म्हणे. झाली. त्र्यंबकशास्त्रीही जेवाले होते. त्यायनं याची नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोटावर बोट वाजवलं. म्हणाले, "आजार गेला असं समजू नका, तो उंबऱ्यावर बसला आहे. पण असेच राहिलात तर आत यायची त्याची छाती नाही." हा म्हणे, "शास्त्रीबुवा, बसू द्या. मी रोज त्याच्यासमोरून चालत जाईन."

आन पैज म्हणजे पैज. चारही पंगतीले पाणी यानंच वाढलं. बोरखेडचा पाटील कळशी घेऊन वाकून वाकून पाणी वाढते, हे पाहाले मंडपाबाहेर लोक उभे राहिले. बुंदीचा लाडू आला तवा त्यानं अर्धा तोडून घेतला, शकुनकडं पाहून खाल्ला आन अर्धा माह्या ताटात टाकला.

मी तो लाडू हातात धरून बसलो. ऊस-गुळाचं त्याले लिवलं होतं, पण सात वर्षं म्या कोणत्याच गोडाले हात लावला नव्हता, हे त्याले माहीत नव्हतं. कोणालेच माहीत नव्हतं. तो म्हणे, "खाय. पोरीचं लगन आहे." खाल्ला, वहिनी. लय गोड लागला.

शकुनची पाठवणी आज झाली. घर रितं वाटते, म्हणून सुभद्रा म्हणे, तुमी दोघं जरा फिरून या. तं आमी ठरवलं आहे की बोरखेडपर्यंत फिरून येतो. रेंगी धाडू नका, वापस पाठवू. उद्या पहाटे निंघतो, हे पत्र डाकेनं आमच्या पुढं पोचंन. पाचव्या दिवशी दुपारी जेवाले येऊ. पाटलाले किती भाकरी वाढाच्या ते तुमी जाणता.

मले मात्र चार टाका. मी रोग्याच्या संगतीत तीस कोस चालून येणार आहे.

तुमचा भाऊजी
गोवर्धन